कुलूप गेलं कुठे?

गेल्या शनिवारी संध्याकाळी बाबांबरोबर शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलो होतो. त्यांचा नवा लॅपटॉप त्याच दिवशी सेट करून दिला होता. भेळ संपता संपता बाबांनी हळूच विचारलं, "अरे, बँकेच्या साइटवर ते कुलूप दिसायचं ना, ते नव्या लॅपटॉपवर नाहीये. साइट खरी आहे ना?"

"हो हो, खरी आहे," म्हणून मोकळा झालो. पण मनात खुटखुट राहिली. क्लाउडवरची सर्टिफिकेटं सांभाळणं हे माझं पोटापाण्याचं काम, आणि बाबांना दोन वाक्यांत उत्तर देता येत नाही म्हणजे काय! म्हणून आजचा लेख.

समोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा होता, तेव्हा सुरुवात तिथूनच. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण सर्रास वापरतो, पण त्यात दोन वेगळ्या वस्तू आहेत. शिवकालीन पत्राच्या माथ्यावर अष्टकोनी मुद्रा असे आणि मजकूर संपला की खाली मोर्तब. मुद्रा सांगते पत्र कोणाचं, आणि मोर्तब सांगतं की मजकूर इथे संपला, याखाली कोणी काही घुसडलं तर ते खोटं. रांझ्याच्या पाटलाला शिक्षा केल्याचं २८ जानेवारी १६४६ चं प्रसिद्ध पत्र याच मुद्रेचं.

ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात जे चालतं ते थोडंफार असंच. समोरचा कोण, मजकुरात फेरफार झाला का, आणि वाटेत कोणी वाचत तर नाही ना, या तीन गोष्टी टीएलएस बघतं. अडचण एकच. गावच्या पाटलाला मुद्रा ओळखीची होती. ब्राउझरला कोट्यवधी साइट्सचे शिक्के कुठून ओळखीचे असणार?

१९७६ साली डिफी आणि हेलमन यांनी सार्वजनिक किल्लीची कल्पना मांडली. पण ही किल्ली अमक्याचीच, हे कोण सांगणार? १९७८ मध्ये एमआयटीच्या लॉरेन कोनफेल्डर या विद्यार्थ्याने बॅचलरच्या प्रबंधात तोडगा सुचवला: तिसऱ्या विश्वासू माणसाने सही करून द्यावं की ही किल्ली याचीच. हेच सर्टिफिकेट. (बॅचलरचा प्रबंध! आम्ही त्या वयात बॅकलॉग काढत होतो.) १९८८ मध्ये त्याचा एक्स.५०९ नावाचा साचा ठरला, १९९५ मध्ये नेटस्केपने एसएसएल आणलं, १९९९ मध्ये त्याचं टीएलएस झालं.

आता खरी गोम. हे 'विश्वासू' कोण, त्यांची यादी तुमच्या ब्राउझरमध्ये किंवा ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आधीपासून भरलेली असते. आणि सर्वसाधारणपणे यादीतला कोणीही जगातल्या कुठल्याही साइटला शिक्का देऊ शकतो. शंभर दारं, आणि त्यातलं एक जरी उघडं राहिलं तरी सगळा वाडा उघडा.

हे पुस्तकी वाटत असेल तर आपल्याच देशातली गोष्ट ऐका. २ जुलै २०१४ रोजी गूगलच्या लक्षात आलं की आपल्या डोमेन्सची सर्टिफिकेटं भलत्याच कोणीतरी दिली आहेत. देणारी संस्था होती आपली एनआयसी, म्हणजे सरकारचं नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटर. तिच्यावर विश्वास टाकणारी सीसीए ही २००० सालच्या आयटी कायद्याखालची यंत्रणा, आणि सीसीएचं रूट मायक्रोसॉफ्टच्या यादीत. त्यामुळे विंडोजवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला ही सर्टिफिकेटं अस्सल वाटली असती. फायरफॉक्सची यादी वेगळी, म्हणून तो वाचला.

दुसऱ्याच दिवशी सीसीएने एनआयसीची सर्टिफिकेटं रद्द केली. एनआयसीची यंत्रणा कोणीतरी फोडली होती आणि चारच खोटी सर्टिफिकेटं निघाली, असं चौकशीनंतर सांगितलं गेलं. गूगलने मात्र म्हटलं की या चारांबाहेरचीही आम्हाला माहीत आहेत, म्हणजे व्याप्ती किती ते कळायला मार्ग नाही. शेवटी क्रोमने सीसीएच्या रूटला फक्त सात डोमेन्सपुरतं मर्यादित केलं. त्यात गव्हर्नमेंटचं डॉट गव्ह डॉट इन होतं, तशीच रिझर्व्ह बँक, बँक ऑफ इंडिया आणि टीसीएस ही आपल्या मुंबईची मंडळीही होती. एका देशाच्या सरकारी शिक्क्याची हद्द एका ब्राउझर कंपनीने आखून दिली! मला त्याचा राग आला होता. पण तिच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

यातून धडा घेतला गेला. क्रोमने ३० एप्रिल २०१८ नंतरच्या प्रत्येक सर्टिफिकेटची जाहीर वहीत नोंद असणं सक्तीचं केलं. जुन्या दफ्तरात निघालेल्या पत्राची नोंद ठेवत, तसंच. चोरून शिक्का मारला तरी वहीत दिसतो, आणि वहीत नसेल तर क्रोम तो मानत नाही.

दुसरा उपाय म्हणजे आयुष्य कमी करणं. लेट्स एन्क्रिप्टने २०१५ पासून फुकट, पण ९० दिवसांचीच सर्टिफिकेटं दिली. आता उद्योगाने ठरवलंय की मार्च २०२९ पासून कमाल मुदत ४७ दिवस. म्हणजे हाताने नूतनीकरण विसरा!

कारण माणूस विसरतो, आणि यंत्रही चुकतं. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी मायक्रोसॉफ्टचा अझूर क्लाउड कोसळला, कारण एक प्रोग्रॅम सर्टिफिकेटची मुदत ठरवताना वर्षात नुसता एक मिळवत होता आणि २९ फेब्रुवारी २०१३ ही तारीखच नव्हती! पुढच्याच वर्षी, २२ फेब्रुवारीला, अझूरच्या स्टोरेजचं सर्टिफिकेट संपलं आणि पुन्हा तेच.

हसू नका, मीही या रांगेत आहे. एका जुन्या नोकरीत नूतनीकरण आपोआप झालं होतं, नवीन फाइल डिस्कवर छान बसली होती. फक्त सर्व्हर रीस्टार्ट करायचं कोणाच्या डोक्यात नव्हतं, तो मेमरीतलं जुनंच सर्टिफिकेट दाखवत बसला. यूटीसीची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. फोन वाजला तेव्हा पार्कात फिरायला येणारे आजोबा बाहेर पडत होते. तेव्हापासून मी फाइलची तारीख बघत नाही, बाहेरून जोडणी करून समोर काय येतं ते बघतो.

तर बाबांच्या कुलपाचं काय? सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमने ते काढून टाकलं. लोक त्याचा अर्थ 'साइट भरवशाची' असा घेत होते. कुलूप फक्त एवढंच सांगायचं की पत्त्यात लिहिलंय त्याच डोमेनशी बंद दाराआड बोलणं चाललंय. ते डोमेन बँकेचं की भामट्याचं, हे ते सांगत नव्हतं. भामट्यालाही सर्टिफिकेट फुकट मिळतं.

रविवारी बाबांना एवढंच म्हटलं, "कुलूप शोधू नका, पत्ता अक्षर अक्षर वाचा. आणि मेसेजमधल्या लिंकवरून बँकेत जायचंच नाही." बाबा म्हणाले, "मग हे काल कट्ट्यावरच का नाही सांगितलंस?"

खरंय. 'हो हो, खरी आहे' म्हणताना मी पत्ता बघितलाच नव्हता.