बीजेची कोर आणि दोन ताटं

ऑक्टोबर २००६. शनिवारी, २१ तारखेला लक्ष्मीपूजन झालं होतं आणि मंगळवारी, २४ तारखेला भाऊबीज होती. त्या संध्याकाळी आम्ही सगळे ईदचा चाँद बघायला गच्चीवर चढलो. शेजारच्या गच्चीवर काकू हातात ओवाळणीचं तबक घेऊन उभ्या होत्या. त्यांना सख्खा भाऊ नव्हता. आपल्याकडे भाऊ नसलेली बाई भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. कोर दिसली तशी अम्मीने दुवेसाठी हात उचलले आणि काकूंनी तबक. दुसऱ्या दिवशी ईद झाली.

तेव्हा मला तो योगायोग वाटला होता. पुढे शाळेत मराठी महिने आणि हिजरी महिने शेजारी शेजारी शिकवायची वेळ आली, तेव्हा कळलं की यात योगायोग थोडा आहे आणि हिशेब जास्त.

दोन्ही कालगणनांचे महिने चंद्राचेच. लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येला आणि भाऊबीज कार्तिक शुद्ध द्वितीयेला. हिजरी महिना अमावास्येनंतर कोर दिसली की लागतो, म्हणजे साधारण बीजेच्या संध्याकाळी. बारा चांद्रमासांचे ३५४ दिवस होतात, सौर वर्षापेक्षा अकरा कमी. ही तूट भरून काढायला मराठी पंचांग दर अडीच-पावणेतीन वर्षांनी अधिक मास घालतं. इस्लामी कालगणनेत असा महिना वाढवायला सूरह तौबाच्या सदतिसाव्या आयतीनंतर वाव राहिला नाही. म्हणून दिवाळी शरद ऋतू सोडत नाही आणि ईद सगळे ऋतू फिरून येते. एक अधिक मास पडला की ईद मराठी पंचांगात एक महिना मागे सरकते, आणि पुढचा अधिक मास येईपर्यंत तिथेच राहते. २००४ साली अधिक श्रावण होता, २००७ साली अधिक ज्येष्ठ. मधली सलग तीन वर्षं, २००४ ते २००६, रमजान ईद दिवाळीला खेटून आली. त्याआधी हे १९७२ आणि १९७३ साली झालं होतं. पुढचा योग २०३७ सालचा.

हे सगळं आता लिहायला कारण घडलं. मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. दिवाळीच्या सुट्टीनंतर सातवीतल्या एका मुलाने विचारलं, "बाई, शंकरपाळे आपल्यात चालतात का? चुलत भाऊ म्हणतो, ते त्यांचं असतं." त्यावर दुसरा म्हणाला, "आणि खेळायला येतो तो मुलगा म्हणतो, तुमचा शिरखुर्मा बाहेरच्या देशातला." दोघांचेही चेहरे उतरलेले होते. फतवा देणं हे माझं काम नाही. शब्द कुठून आला आणि पदार्थ कसा बनला, एवढं सांगणं माझं काम आहे. मी फळ्यावर दोन ताटं काढली.

पहिलं ताट ईदचं. शिरखुर्मा हे नाव फारसी आहे. शीर म्हणजे दूध, खुर्मा म्हणजे खजूर. ईदुल फित्रच्या नमाजला निघण्यापूर्वी विषम संख्येने खजूर खाऊन जाणं ही पैगंबरांची (स.) रीत होती, म्हणून या वाटीत खारकेला मान आहे आणि ती सकाळी सगळ्यात आधी पोटात जाते. आता वाटीतलं बाकीचं सामान बघा. शेवया महाराष्ट्रात उन्हाळ्याच्या वाळवणातल्या, खाटेवर पांढरं धोतर अंथरून सुकवलेल्या. तशाच शेवयांची खीर शेजारच्या घरात सणाला होते. चारोळी इथल्या जंगलातली. आदिवासी बायका गोळा करतात तेव्हा ती बाजारात येते. दूध दारच्या म्हशीचं. नाव इराणचं आणि खारीक आखाताकडची, पण बाकी वाटी इथलीच.

दुसरं ताट दिवाळीचं. फराळ हा शब्द फलाहारातून आला. त्यातले शंकरपाळे ऐकले की देवाचं नाव वाटतं, पण शब्दाचं मूळ शकरपारा, म्हणजे साखरेचा तुकडा. ज्या मैद्याचे ते होतात, तो मैदा हा शब्दही फारसीतून आलेला. पण गोष्ट इथे संपत नाही. फारसीतला शकर आला कुठून? संस्कृत शर्करेतून. उसाच्या रसापासून खडे करण्याची कला हिंदुस्थानातून इराणकडे गेली आणि तिथून अरबांकडे. शब्दही तिच्याबरोबर गेला. म्हणजे शर्करा इराणात नांदायला गेली, शकर होऊन परत आली आणि मराठी घरात शंकरपाळे झाली. आता तिला परकी म्हणणार की माहेरवाशीण?

चिवड्याचं आणखी वेगळं. पोहे इथले जुने, नव्या भाताचे पोहे हा तर कोकणातल्या दिवाळीचा मुख्य पदार्थ. पण चिवड्यातली मिरची आणि शेंगदाणे मूळचे अमेरिका खंडातले. मिरची पोर्तुगीजांच्या जहाजांवरून आपल्या किनाऱ्याला लागली. त्याआधी ना ईदच्या सालनात मिरची होती, ना चिवड्यात. तिखटपणा मिऱ्याचा, आल्याचा.

वर्ग शांत झाला. मग मी अम्मीकडून ऐकलेली १९७२ ची दिवाळी-ईद त्यांना सांगितली.

ते साल दुष्काळाचं. आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं. खरीप गेला, विहिरी आटल्या. लोक खडी फोडायला, रस्त्याच्या आणि पाझर तलावाच्या कामाला जात. पुढे मे १९७३ पर्यंत महाराष्ट्रात दुष्काळी कामांवरच्या मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या जवळ पोचली. रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी मिळे, तिला सगळे मिलो म्हणत. कामावर सुकडी वाटत. अशा नोव्हेंबरमध्ये दिवाळी आली आणि तिच्या पाठोपाठ ईद. अम्मी तेव्हा बारा वर्षांची होती.

शेजारच्या आजींनी मिलोच्या पिठात थोडं गव्हाचं पीठ मिसळलं, गुळाच्या पाण्यात मळलं आणि शंकरपाळे कातले. मोहन घालायला तेल पुरेना, म्हणून ते दगडासारखे झाले. मुलं ते तोंडात धरून चघळत बसत. आमच्या नानीकडे आदल्या वर्षीच्या शेवया डब्यात उरल्या होत्या. दूध अर्धं, पाणी अर्धं. साखर नव्हती, गूळ होता. पण उकळत्या दुधात गूळ टाकला की दूध फाटतं. म्हणून नानीने भांडं चुलीवरून उतरवलं, कोमट होऊ दिलं आणि मग गूळ किसून घातला. खारीक मोजून काप केली, प्रत्येक वाटीत एकच काप. त्यातलीही एक वाटी शेजारी गेली. ज्या ताटलीतून कडक शंकरपाळे आले होते, तीच ताटली भरून परत पाठवायची होती. रिकामी ताटली परत करायची नाही, हा नियम दोन्ही घरांत होता. तो कुणी कुणाला शिकवला, हे सांगता येत नाही.

इथे थांबून एक खरी गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हे सगळं फार गोड होईल. गावातल्या सगळ्या घरांत आमची वाटी जात नसे. काही घरांत आमच्या हातचं शिजलेलं चालत नव्हतं. तिथे नानी कोरडा शिधा पाठवायची: कच्च्या शेवया, खारीक, साखर, कधी लोटाभर दूध. ते लोक त्यांच्या चुलीवर खीर करून घेत. लहानपणी मला याचा राग यायचा. एकदा अम्मीला विचारलं, "ते आपलं खात नाहीत, तर आपण द्यायचं कशाला?" ती म्हणाली, "देणं आपल्या हातात आहे, खाणं त्यांच्या." हे उत्तर मला आजही पूर्ण पटत नाही. भेद हा भेदच होता. आणि तो फक्त तिकडून नव्हता. आमच्यातही फराळाचं ताट ठेवून घेऊन नंतर गुपचूप कामवालीला देणारी घरं होती, आहेत. पण एवढं मात्र दिसतं, की शिध्याची वाट उघडी राहिली म्हणून पुढच्या पिढीत वाटीला वाट मिळाली. २००६ च्या ईदला काकूंनी आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून शिरखुर्मा प्यायला. त्यांच्या सासूबाईंच्या वेळी हे झालं नसतं.

आज शिध्याची गरज उरलेली नाही आणि वाटीही आटत चालली आहे. दोन्हीकडे दुकानातून बंद डबा येतो. शेवया पाकिटातल्या, चकली ऑर्डरची. घरच्या बायकांचे हात त्यातून सुटले याचं मला वाईट वाटत नाही. पंधरा-पंधरा दिवस चुलीपुढे त्याच बसायच्या. पण डब्याचं एक आहे. तो परत करावा लागत नाही. ताटली परत करायला माणसाला शेजारच्या दारापर्यंत जावं लागायचं, उंबऱ्यात दोन शब्द बोलावे लागायचे. फोनवरच्या शुभेच्छांना उंबरा नसतो. मग मुलांना एकमेकांची ताटं फक्त ऐकीव माहितीतून कळतात, "त्यांचं" आणि "बाहेरचं" अशा दोन शब्दांत.

त्या दिवशी तास संपताना मुलांना घरचा अभ्यास दिला. अम्मीला किंवा दादीला विचारून एका सणाच्या पदार्थाची कृती लिहून आणायची आणि त्यातली प्रत्येक वस्तू कुठून आली ते शोधायचं. सातवीतला तो मुलगा चार दिवसांनी वही घेऊन आला. त्याने शंकरपाळेच लिहिले होते. कृती त्याच्या दादीला येत नव्हती, म्हणून तो शेजारी विचारायला गेला होता. वहीत शेवटी एक ओळ होती: "मोहन कडकडीत पाहिजे, असे शेजारच्या आजी म्हणाल्या."

२०३७ मध्ये हा मुलगा चोवीस-पंचवीस वर्षांचा असेल. त्या नोव्हेंबरात भाऊबीजेच्या सुमारास पश्चिमेला कोर दिसेल, ते हिशेबाने ठरलेलं आहे. ताटलीचं तसं नाही. ती कुणीतरी उचलून न्यावी लागते.