पर्सीचे कोडे

श्रोतेहो, प्रत्येक गावच्या शाळेत असा एखादा मुलगा असतोच. बाजारचा हिशेब तोंडी करील, रात्री ऐकलेले कीर्तन सकाळी जसेच्या तसे सांगेल. पण पुस्तक हाती दिले की त्याला घाम फुटतो. आपण त्याला 'ढ' म्हणतो आणि मोकळे होतो. गुरुजी, रागावू नका. असे म्हणणारे साऱ्या जगात होते. आज हकीकत सांगायची आहे ती इंग्लंडातल्या अशाच एका मुलाची, आणि त्याच्या मास्तरांची.

ससेक्स परगण्यात समुद्रकाठी सीफर्ड नावाचे गाव आहे. तेथले डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी ७ नोव्हेंबर १८९६ च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक छोटे टिपण छापले. मुलाचे नाव पर्सी, वय १४. चलाख, खेळात कोणाला हार न जाणारा, नजर चांगली. सातव्या वर्षापासून शाळा झाली, खाजगी मास्तर झाले. फळ काय? अगदी लहान लहान शब्दसुद्धा तो अडखळत वाची. स्वतःचे नाव लिहिताना अक्षरांची अदलाबदल करी, पर्सीचे 'प्रेसी' होई. आणि चूक दाखवली तरी ती त्याला चटकन दिसत नसे. आकड्यांचे मात्र वेगळेच! ७४९ गुणिले ८६७ हा गुणाकार त्याने झटपट, बिनचूक केला. तुम्हीही पाटी घेऊन बसा. उत्तर ६,४९,३८३ यायला हवे.

मॉर्गनसाहेबांनी याला जन्मजात शब्दांधत्व म्हटले. शब्दांची चित्रे मेंदूत साठत नाहीत, असा त्यांचा कयास होता. आज शास्त्र म्हणते की बहुतेक मुलांची अडचण चित्राची नसते, ध्वनीची असते. बोललेल्या शब्दातले आवाज सुटे करून अक्षरांशी जोडणे त्यांना जड जाते. म्हणजे डॉक्टरांचा कयास पुढे मागे पडला. पण त्याच टिपणात पर्सीला काही वर्षे शिकवणाऱ्या मास्तरांचे मत आहे, ते अजून टिकून आहे: सगळे शिक्षण तोंडी असते, तर हाच मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता! मला तर डॉक्टरांपेक्षा या मास्तरांचेच कौतुक वाटते. वाचता येत नाही म्हणून अक्कल नाही, असे त्यांनी धरले नाही.

दुखणे ओळखले, पण शिकवायचे कसे? त्याचे उत्तर पुढे अमेरिकेत मिळाले. १९२५ च्या सुमारास डॉक्टर सॅम्युअल ऑर्टन अशा मुलांचा अभ्यास करू लागले. न्यूयॉर्कच्या 'एथिकल कल्चर' या खाजगी शाळेतल्या ॲना गिलिंगहॅम आणि बेसी स्टिलमन या दोघी बाईंनी त्यांच्या विचारावरून १९३० नंतरच्या दशकात शिकवण्याची पद्धत बसवली. अक्षर डोळ्यांनी पाहायचे, त्याचा आवाज तोंडाने काढायचा, तो कानांनी ऐकायचा आणि हाताने गिरवायचा. सारे एकाच वेळी. एक ध्वनी पक्का झाल्याशिवाय दुसरा नाही. मंडळी, आपल्या जुन्या पंतोजींची धूळपाटी आठवा! बोटाने गिरवायचे आणि मोठ्याने म्हणायचे, हे आपल्याकडेही होतेच. फरक एवढाच की तेथे छडी होती, येथे सबूर होती.

खाजगी शाळेला वेळ आणि पैसा असतो, साठ पोरांच्या वर्गात हे कसे जमावे, असे तुम्ही विचाराल. रास्त आहे. मुंबईत 'महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन' निघाली ती १९९६ साली, पर्सीच्या टिपणानंतर बरोबर शंभर वर्षांनी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा अडचणीचा समावेश झाला. अशा विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळू शकतो. पण त्यासाठी तपासणी आणि दाखला लागतो, आणि खेड्यातल्या बापाला तेथवर जायचे हे सांगणार कोण? बहुधा गुरुजीच.

तोवर एक करून पाहा. येत्या आठवड्यात त्या मुलाला पुढचा धडा तुम्हीच वाचून दाखवा, आणि प्रश्न तोंडी विचारा. उत्तरे लिहून ठेवा. दाखल्यासाठी जाताना ती बरोबर असू द्या.