उद्या पट आहे, हात चालवा

आधी बाजूला व्हा! लोखंडाची धाव तापून लालबुंद झाली आहे आणि चौघे जण ती लांब चिमट्यांत धरून तुमच्याच दिशेने येताहेत. गोवऱ्यांच्या धुराने डोळे चुरचुरतील. चुरचुरू द्या. जमिनीवर आडव्या ठेवलेल्या चाकावर धाव बसते, घणाचे ठोके पडतात, लाकूड भपकन पेटते आणि कोणीतरी ओरडते, "पानी टाक गा, पानी!" मडकी रिती होतात. चर्रर्र करत वाफ थेट तुमच्या तोंडावर. तापून फैलावलेले लोखंड गार होताना आवळत जाते आणि आरे, पुठ्ठे, तुंबा कडकडत एकमेकांत घुसतात. वर्षभर खिळखिळे झालेले चाक एका घटकेत टणक.

तर पोचलात तुम्ही. वैनगंगेच्या काठचे गाव, वडशापासून फार लांब नाही, आणि हे वाढईबाबांचे अंगण. साल विचारू नका, इथे कोणी सांगणार नाही. जिल्ह्याला अजून चांदा म्हणतात. गडचिरोली जिल्हा वेगळा व्हायचा आहे १९८२ साली, त्याला पुष्कळ अवकाश आहे. वडशाच्या स्टेशनात अरुंद रुळांवरची बुटकी गाडी येते, पण गावातल्या पोरांना तिचे कौतुक नाही. त्यांचे सगळे लक्ष या अंगणातल्या छकड्यावर आहे, कारण उद्या शंकरपट, बैलजोड्यांची शर्यत!

छकडा म्हणजे बंडी नव्हे. बंडी धानाची पोती ओढते, लाकडे ओढते, लग्नाचे वऱ्हाडही ओढते. छकडा काहीच ओढत नाही, नुसता पळतो. धुरकऱ्याचे दोन गुडघे टेकतील एवढेच साटे आणि अंगावर फालतू लाकूड कुठेच नाही. त्या काळची स्पोर्ट्‌स कारच म्हणा ना. आस धावड्याची, कारण हे लाकूड चिवट, दणके खाऊन तुटत नाही. बाकी साग, जंगलाच्या कुशीतच राहणाऱ्यांना सागाचे काय अप्रूप!

हा छकडा मात्र म्हातारा आहे. मालगुजाराच्या वडिलांनी हौसेने करवून घेतलेला. गेरू जवसाच्या तेलात खलून दिलेला तांबडा रंग, वर राळेचे रोगण. आता साट्याच्या कडेवरून बोट फिरवा. बोटाला फिकट गुलाबी पीठ लागले? उन्हाने वरचे तेल खाल्ले, गेरू उघडा पडला. हातात चिंधी आलीच आहे तुमच्या. बसा उकिडवे.

आधी पारिजातकाची पाने. फुले लोकांना माहीत असतात, पाने कोणी हातात घेत नाही. घेऊन बघा, मांजराच्या जिभेइतकी खरखरीत. वाढईबाबा ओली करून देतात, तुम्ही लाकडाच्या रेषेने फिरवायची. मेलेला रंग पानावर येतो, मनगट भरून येते, मानेवरून घाम ओघळतो. मग वस्त्रगाळ राख, तेलाच्या दोन थेंबांत कालवून, चिंधीवर. आता जोर करून घासावेसे वाटणारच.

"घासू नोको गा, पूस," बाबा मान वर न करता म्हणतात. "अन् चिंधी पाह्य. छकडा कायले पाहतं?"

सगळी विद्या या चिंधीत आहे. तिच्यावर गुलाबी उतरते तोवर मेलेला रंग निघतोय. तांबडी झाली की तुम्ही जिवंत रंगाला हात घातला. पिवळसर दिसली तर संपले, तो साग आहे. कडांवर आणि कोपऱ्यांवर रंग मुळातच पातळ, तिथे बाबा चिंधीसुद्धा लावू देत नाहीत, नुसता अंगठा. चमक काही वरून आणून लावायची नसते, असलेल्याच रंगातून खर्च करून काढायची असते, आणि बाबांइतका कंजूष खर्च करणारा माणूस मी तरी पाहिला नाही.

(तुमच्या काळात घरी फायबरग्लासच्या अंगाची जुनी कार असेल, १९५३ मध्ये निघालेल्या कॉर्व्हेटच्या जातीची, तर हे ध्यानात ठेवा. पत्र्यावरच्या रंगाची जाडी चुंबकी यंत्राने मोजता येते. फायबरग्लासखाली लोखंडच नसते, तिथे ते यंत्र मुके होते. मग ध्वनिलहरींचे महाग यंत्र आणा, नाहीतर बाबांसारखी चिंधी बघा.)

दुपार कलते. साट्यावर तांबडा रंग पुन्हा वर येऊ लागतो, एका कोपऱ्यात तुमच्या नाकाचा आकारही ओळखू येतो. नवे रोगण चढवू या, असे मालगुजाराचा पोरगा दोनदा सुचवून जातो. बाबा ऐकत नाहीत. रोगण सुकायला दिवस लागतात, ओल्यावर उद्याची धूळ बसली की छकडा नव्हे, पापड होईल. म्हणून जवसाच्या तेलाचे नुसते बोट, आणि लगेच कोरड्या चिंधीने तेही पुसून घ्यायचे. तेलाचा कडवट, हिरवट वास नखांत जाऊन बसतो.

चिंध्या बोळा करून कोपऱ्यात फेकू नका! बाबा पहिल्यांदाच आवाज चढवतात. जवसाचे तेल सुकताना तापते, बोळ्यात ती ऊब कोंडते आणि चिंधी आपोआप पेटू शकते. कुंपणावर एकेक पसरून टाका.

सकाळी धान कापलेल्या रानात माणूस मावत नाही. उसाचा रस, भजी, शेण, बैलांचा घाम, विडीचा धूर, सगळे एकाच श्वासात. शिंगे रंगवलेल्या जोड्या फुरफुरतात. धुरकरी छकड्यावर चढतो, साट्याकडे बघतही नाही, तुमच्या कालच्या कष्टावर गुडघे रोवून मोकळा. तुतारीच्या, म्हणजे बैल हाकायच्या काठीच्या, टोकाला आर आहे. ती बैलाला टोचते तेव्हा तुम्हाला ते बघवणार नाही, मलाही बघवत नाही. आरोळी उठते, पायांखालची जमीन हादरते आणि दोन तांबडे पट्टे तुमच्या समोरून जातात. "गेली, गेली, गेली!" शेजारचा माणूस तुमच्या खांद्यावर बुक्के मारतोय, त्याची जोडी आहे की नाही कोण जाणे. मागे उरलेली धूळ दातांत करकरते.

छकडा परत येतो तो मातकट होऊन. पोरगा हळहळतो. बाबा पंच्याने एक फटका मारतात, धूळ झडते, तांबडा रंग खाली जसाच्या तसा. तेल चिकट ठेवले नव्हते ना! मग मालगुजाराशी मजुरीच्या धानावरून त्यांची घासाघीस सुरू होते, आणि तिथे मात्र ते बिलकूल कंजूष बोलत नाहीत.

तुम्ही चला. रात्री नाटक आहे, पटाला आलेले पाहुणे काही लगेच घरी जात नाहीत. इथले, म्हणजे झाडीपट्टीतले नाटक पहाट झाल्याशिवाय संपत नाही, तेव्हा कांबळे घ्या. बसायला जागा मिळेल. जवसाच्या तेलाचा एवढा वास येतोय तुम्हाला, शेजारचे आपणहून सरकतील.