सिल्व्हर ब्रोमाइड : छायाचित्रामागचा रुपेरी क्षार

बारडोली तालुक्यातील शेतकऱ्यांनी १९२८ मध्ये २२ टक्के सारावाढीविरुद्ध वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. त्या काळच्या कृष्णधवल छायाचित्रांत आकाश बहुधा कोरे दिसते आणि स्त्रियांच्या कपाळावरचे लाल कुंकू काळे. याचे कारण सिल्व्हर ब्रोमाइड या क्षाराच्या गुणधर्मांत आहे.

सिल्व्हर नायट्रेट व पोटॅशियम ब्रोमाइड यांची द्रावणे एकत्र केली की हा फिकट पिवळा साका खाली बसतो. त्यात वजनाने सुमारे ५७ टक्के चांदी असते. तो ४३२ अंश सेल्सिअसला वितळतो. पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. मूळ स्वरूपात तो निळा-जांभळा प्रकाशच शोषतो, म्हणून निळे आकाश पांढरे उमटते, लाल रंग उमटतच नाही आणि अंधाऱ्या खोलीत तांबडा दिवा चालतो. हेरमान फोगेल यांनी १८७३ मध्ये रंजकद्रव्ये मिसळून ही मर्यादा सैल केली.

प्रकाश पडताच ब्रोमाइड आयनातून इलेक्ट्रॉन सुटतो आणि चांदीचा आयन तो घेऊन धातू बनतो. एका कणात असे चारेक अणू एकत्र आले तरी पुरे. डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण हायड्रोक्विनोनसारखे विकासक द्रव्य त्या कणातील अब्जावधी आयनांची चांदी करते. छायाचित्रातील काळेपणा म्हणजे ही सूक्ष्म चांदीच होय. उरलेला ब्रोमाइड काढला नाही, तर चित्र उजेडात काळवंडते. तो सोडियम थायोसल्फेटमध्ये, म्हणजे स्टुडिओतल्या ‘हायपो’त, विरघळतो. हायपोचा हा गुण जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्येच नोंदवला होता, छायाचित्रणाच्या वीस वर्षे आधी!

मात्र हायपो नीट धुतला गेला नाही, तर त्यातील गंधकाने चांदीचे सल्फाइड होते. घरातल्या जुन्या तसबिरी पिवळट-तपकिरी पडतात, त्या पुष्कळदा यामुळेच. गोव्याच्या पावसाळ्यात आणखी एक शत्रू असतो : क्षार धरून ठेवणारे जिलेटिन ओल शोषून फुगते आणि त्यावर बुरशी धरते. अशी बुरशी ओल्या फडक्याने पुसू नये, कारण मऊ झालेल्या जिलेटिनबरोबर चित्रही निघून येते. काचेच्या प्लेटा कोरड्या जागी, कागदात गुंडाळून, उभ्या ठेवाव्यात.