शाळेची वाट

गटाच्या बैठकीत मुलींच्या शिक्षणाचा विषय निघाला की बोलणं फिरून फिरून वाटेवरच येतं. म्हणून जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम भागातल्या शाळांची गोष्ट आज वाटेवरूनच सांगते.

महादेव कोळी, ठाकर समाजाच्या आपल्या वाड्या डोंगरात विखुरलेल्या. एवढ्याशा वाडीला शाळा कशी द्यायची? सरकारनं १९७२-७३ पासून आश्रमशाळांची योजना आणली. मुलांनी शाळेतच राहायचं. जेवण, कपडे, पुस्तकं सरकारची. कितीतरी घरांतली पहिली शिकलेली पिढी या शाळांतून निघाली, ते नाकारून चालणार नाही. पण सहा-सात वर्षांची पोर आईपासून लांब ठेवायची, रात्री ताप आला तर तिच्याजवळ कोण बसणार? या काळजीनं लेकीला घरीच ठेवणाऱ्या आया काही कमी नव्हत्या.

पुढं घोड नदीवर डिंभे धरण झालं. जुनं आंबेगाव पाण्याखाली गेलं. समोर दिसणाऱ्या गावाला जायलाही वळसा आला.

२००९ साली शिक्षण हक्क कायदा झाला. पाचवीपर्यंतची शाळा वस्तीपासून १ किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची ३ किलोमीटरच्या आत, असं ठरलं. आणि तरी डिसेंबर २०१७ मध्ये राज्यात दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करून मुलं जवळच्या शाळेत पाठवायचा निर्णय आला. वाडीच बारकी, तर पट कुठून वाढणार? आणि श्रावणात ओढा भरून वाहतो, तेव्हा ‘जवळची’ शाळा किती जवळ राहते, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

थोरल्या मुलांचं वेगळंच. २०१८ मध्ये आदिवासी वसतिगृहांतली खाणावळ बंद करून जेवणाचे पैसे खात्यात टाकायचं धोरण आलं. त्याविरुद्ध जुलैमध्ये मुलं-मुली पुण्याहून नाशिकला पायी निघाली. ती वाट आपल्या मंचर-नारायणगाववरूनच जाते.

आता कामाचं सांगते. केंद्राच्या २०१० च्या नियमांत लिहिलंय, की अवघड डोंगर, पूर, दरडी असतील किंवा रस्ता नसेल, तिथं अंतराची मर्यादा कमी धरावी. कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या बाया हव्यात. तेव्हा पुढच्या बैठकीत एवढं विचारा: आपल्या शाळेच्या समितीवर आपल्यातली कोण आहे? आणि वाटेतल्या ओढ्याचा ठराव तिनं कधी मांडलाय का?