गरज, हौस आणि किरण : स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारातील एक उपेक्षित प्रकरण

१/
साल १८९५. हायडेलबर्गमध्ये विन्सेन्झ चेर्नी या शल्यविशारदांनी एका स्त्रीच्या स्तनातील गाठ काढली आणि झालेली पोकळी तिच्याच कमरेजवळील निरुपद्रवी मेदाच्या गाठीने भरून काढली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला वुर्त्सबुर्ग येथे विल्हेल्म रॉन्टगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. या दोन वाटा पुढे अनेक दशके स्वतंत्र चालल्या. त्या एकाच देहात एकत्र आल्या, तेव्हा काय घडले?

२/
स्तनाच्या कर्करोगावर त्या काळी सत्ता होती ती शस्त्रक्रियेची. बाल्टिमोरच्या विल्यम हॉल्स्टेड यांच्या पद्धतीत स्तनासोबत छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथीही काढल्या जात. जितके अधिक कापावे तितका रोग दूर जाईल, ही त्यामागची श्रद्धा.

३/
या श्रद्धेला पहिले मोठे आव्हान लंडनमधून मिळाले. अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांचे धाकटे बंधू जेफ्री केन्स यांनी १९२० च्या दशकात रेडियमच्या सुया टोचून स्तन न काढता उपचार केले. समकालीन शल्यविशारदांनी त्यांच्याकडे बहुतांशी पाठच फिरवली.

४/
निर्णायक पुरावा अर्धशतकानंतर आला. मिलानमध्ये उंबेर्तो वेरोनेसी यांनी ७०१ स्त्रियांच्या चाचणीचे निष्कर्ष १९८१ मध्ये मांडले. अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांच्या चाचणीचे १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ गाठ काढणे आणि संपूर्ण स्तन काढणे, यांत आयुर्मानाचा फरक पडत नव्हता. मात्र फिशर यांच्या चाचणीत २० वर्षांनंतर त्याच स्तनात रोग परतण्याचे प्रमाण किरणोपचाराविना सुमारे ३९ टक्के, तर किरणोपचारासह सुमारे १४ टक्के आढळले. स्तन वाचवायचा, तर किरण हवेत.

५/
आता दुसरी वाट. १९६२, ह्यूस्टन. थॉमस क्रोनिन आणि फ्रँक गेरो यांनी सिलिकॉन जेलचे पहिले स्तनरोपण केले. ते स्वीकारणारी स्त्री खरे तर छातीवरचे गोंदण काढून घेण्यासाठी रुग्णालयात आली होती. पुढील दशकांत लाखो स्त्रियांनी हे रोपण करून घेतले. वय वाढले, तशा त्यांतील काहींना स्तनाचा कर्करोग झाला.

६/
पहिली अडचण निदानाची. मॅमोग्राफीच्या चित्रात रोपण मागच्या ऊतींना झाकून टाकते. १९८८ मध्ये एक्लुंड यांनी रोपण मागे ढकलून चित्र घेण्याची रीत मांडली. तरीही २००४ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, लक्षणे नसलेल्या स्त्रियांतील कर्करोग ओळखण्याचे प्रमाण रोपण नसताना सुमारे ६७ टक्के, तर असताना ४५ टक्के आढळले. दिलासा एवढाच, की सापडलेले रोग अधिक गंभीर अवस्थेतील नव्हते.

७/
दुसरी अडचण उपचाराची. सिलिकॉन किरणांना फारसे अडवत नाही. रोगावरचा मारा होतोच. प्रश्न शरीराच्या प्रतिसादाचा आहे. परक्या वस्तूभोवती शरीर तंतुमय वेष्टन विणते. किरणांमुळे हे तंतू वाढतात आणि आवळत जातात. कित्येक महिन्यांनी, कधी वर्षांनी स्तन कठीण, वेडावाकडा आणि वेदनादायी होतो.

८/
वेरोनेसी-फिशर यांच्या चाचण्यांचा हा प्रश्नच नव्हता. त्याचे उत्तर १९९० च्या दशकात छोट्या छोट्या रुग्णगटांतून शोधावे लागले. त्यांपैकी काहींत निम्म्याहून अधिक स्त्रियांत असे तीव्र आकुंचन दिसले. मग सल्ला काय द्यावा? रोपण काढावे? की संपूर्ण स्तनच काढावा? ज्या शस्त्रक्रियेतून स्त्रियांची सुटका झाली होती, तीच पुन्हा दाराशी उभी राहिली.

९/
याच काळात, १९९२ मध्ये, सुरक्षिततेच्या शंकेवरून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सिलिकॉन जेल रोपणांवर कडक निर्बंध घातले. कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेसाठी ती अभ्यासाच्या चौकटीत खुली राहिली; सौंदर्यासाठी जवळजवळ बंद झाली. एकीला ‘गरज’ म्हटले गेले, दुसरीला ‘हौस’. २००६ मध्ये ही बंदी उठली.

१०/
पण किरणांना हा भेद ठाऊक नसतो. पुनर्रचनेसाठी बसवलेले रोपण असो वा सौंदर्यासाठी, किरणांखाली वेष्टन आवळण्याची प्रक्रिया तीच. आणि कर्करोगाचे निदान झाले, की कालची ‘हौस’ करणारी स्त्रीही तितकीच रुग्ण असते.

११/
पुढे निवडक, आरंभीच्या अवस्थेतील रुग्णांत संपूर्ण स्तनाऐवजी केवळ गाठीच्या जागेभोवती किरण देण्याची पद्धत वापरली जाऊ लागली. बारीक नळ्यांतून किरणस्रोत आत नेला, की रोपणाचा बराच भाग वाचतो. अशा रुग्णगटांत आकुंचन कमी आढळले. मार्ग अरुंद असला, तरी तो निघाला.

१२/
वैद्यकाचा इतिहास बहुधा शोधांच्या तारखांनी लिहिला जातो. तो प्रश्न विचारले जाण्याच्या तारखांनीही लिहायला हवा. १९६२ ते १९९० चे दशक : या स्त्रियांविषयीचा साधा प्रश्न गांभीर्याने विचारला जाण्यास जवळजवळ ३० वर्षे लागली. (समाप्त)