एमसीपी ८४१ : मुलं कशानं दगावली, हेही सांगणारा शोधनिबंध

आज इतिहास सांगायचा आहे तो एका शोधनिबंधाचा. विषय जड वाटेल, पण तो आपल्या घरापर्यंत येतो. इथल्या कितीतरी घरांतून गावाकडच्या कुणाच्या तरी उपचारासाठी पैसे जातात, आणि गावाकडून येणाऱ्या फोनवर "परळला नेलंय" एवढं ऐकलं तरी पुढचं सांगावं लागत नाही.

परळचं टाटा हॉस्पिटल सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या जन्मामागे रक्ताचाच कर्करोग आहे, हे मात्र थोड्यांना माहीत असतं. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहरबाई १९३१ साली ल्युकेमियानं गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजींनी त्यांच्या नावानं ल्युकेमियावरच्या संशोधनासाठी विश्वस्त निधी उभा केला, आणि त्याच वर्षी तेही गेले. त्यांच्या पश्चात टाटांच्या ट्रस्टनं बांधलेलं हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं.

तेव्हा ल्युकेमियावर औषधच नव्हतं. १९४८ साली बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी प्रसिद्ध केलं की, अमिनॉप्टेरिन नावाच्या औषधानं काही मुलांचा ल्युकेमिया तात्पुरता का होईना, मागे हटला. हे औषध ज्या प्रयोगशाळेतून आलं, तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातून अमेरिकेत गेलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच औषधाचा भाऊबंद म्हणजे मेथोट्रेक्सेट, जे आजही वापरलं जातं.

पुढच्या तीस वर्षांत पाश्चात्त्य देशांत मुलांच्या ल्युकेमियाचं चित्र पालटलं. आपल्याकडे मात्र १९७०च्या दशकात मोठ्या कर्करोग रुग्णालयांतही निम्म्याहून कितीतरी जास्त मुलं हातची जात होती.

इथे डॉ. सुरेश अडवाणी यांचं नाव येतं. जन्म १९४७चा, कराचीचा. फाळणीनंतर कुटुंब मुंबईला आलं. आठव्या वर्षी पोलिओ झाला आणि पाय गेले. वैद्यकीय शिक्षणासाठी प्रवेश मिळवतानाही झगडावं लागलं. तरी ग्रँट मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले. अमेरिकेत सिएटलला डॉ. डोनॉल थॉमस यांच्याकडे त्यांनी अस्थिमज्जा प्रत्यारोपण शिकून घेतलं, आणि १९८३ साली टाटा हॉस्पिटलमध्ये नऊ वर्षांच्या एका मुलीला तिच्या भावाची मज्जा देऊन भारतातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण केलं. २०१२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं.

प्रत्यारोपणाची बातमी झाली. पण त्याहून जास्त मुलांच्या वाट्याला आलं ते दुसरंच काम. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतले डॉ. इयन मॅग्रथ, मुंबईचे अडवाणी, चेन्नईच्या अड्यार कर्करोग संस्थेतल्या डॉ. व्ही. शांता आणि दिल्लीच्या एम्समधले डॉक्टर यांनी मिळून ठरवलं, की तिन्ही ठिकाणी एकाच पद्धतीनं उपचार करायचे. कोणतं औषध, कितव्या दिवशी, किती मात्रेत, हे सगळं आधी लिहून ठेवायचं. या आराखड्याचं नाव एमसीपी ८४१. १९८४ पासून तो सुरू झाला. मुलांच्या नॉन-हॉजकिन लिम्फोमासाठी एमसीपी ८४२ हा वेगळा आराखडा केला, त्याचे प्राथमिक निष्कर्ष १९९७ साली छापून आले.

एकच पद्धत कशासाठी? दहा डॉक्टर दहा तऱ्हांनी औषध देत असतील, तर मूल बरं झालं ते कशानं आणि गेलं ते कशानं, हे कळायला मार्गच नसतो. सगळ्यांची रीत एक असली की मग नोंदी बोलायला लागतात.

वीस वर्षांच्या अनुभवाचा आढावा २००५ साली 'युरोपियन जर्नल ऑफ कॅन्सर'मध्ये आला. त्यात १९९० ते १९९७ या काळातल्या १०४८ रुग्णांची माहिती नव्यानं दिली होती. पूर्वी उपचारानंतर चार वर्षांनी आजार न उलटता हयात असलेल्यांचं प्रमाण २० टक्क्यांच्याही खाली होतं. ते आता ४५ ते ६० टक्क्यांवर आलं होतं. म्हणजे जिथे पाचातलं एक मूलही धड वाचत नव्हतं, तिथे साधारण निम्मी वाचू लागली.

एवढंच छापून ते थांबले असते तरी कुणी नावं ठेवली नसती. पण उरलेली मुलं का गेली, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे मांडलं. पाश्चात्त्य देशांच्या मानानं आपला निकाल कमी का, याचं मुख्य कारण त्यांना दिसलं ते असं, की उपचार सुरू असतानाच दगावणाऱ्या मुलांचं प्रमाण आपल्याकडे जास्त होतं. कीमोमुळे पांढऱ्या पेशी घटतात आणि मग साधा जंतुसंसर्गही जिवावर बेततो. मुलं रुग्णालयात पोचायची तीच उशिरा, आजार पसरल्यावर. घरी हवी तेवढी स्वच्छता राखणं जमायचं नाही. रात्री ताप चढला तर जवळ दवाखाना नाही. आणि रुग्णालयातल्या सोयीही अपुऱ्या.

या निबंधाचं मोल इथे आहे, असं मला वाटतं. औषध बरोबर असूनही मूल जाऊ शकतं, आणि त्याची कारणं घरात, रस्त्यात, अंतरात असतात, हे त्यांनी नोंदींच्या आधारे दाखवलं. अशा वेळी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा नुसती राहायची सोय उरत नाही. कर्करोगाच्या रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना रुग्णालयाजवळ छप्पर आणि जेवण मिळणं, हा उपचाराचाच एक भाग होतो.

गाडी तिथून बरीच पुढे आली आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून घडवलेल्या 'नेक्सकार १९' या कार-टी पेशी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी घेऊन, त्यांना कर्करोगाच्या पेशी ओळखायला शिकवून परत शरीरात सोडायच्या, असा हा उपचार. बी पेशींचा लिम्फोमा आणि ल्युकेमिया इतर उपचारांना दाद देत नसेल तेव्हा तो वापरतात. पण याही उपचारात जंतुसंसर्गाचं भय असतंच, आणि वेळेवर पोचणं तितकंच महत्त्वाचं.

मग मंडळी, इथे शारजात बसून आपण काय करायचं? तीन गोष्टी सांगतो. पहिली, घरातलं मूल सारखं तापानं आजारी, फिकट, अंगावर विनाकारण निळे डाग, हाडं दुखतात किंवा मानेत गाठी, असं असेल तर रक्ताची साधी तपासणी लांबवू नका. बहुतेक वेळा कारण किरकोळच निघतं, आणि निघालं तर आनंदच आहे. दुसरी, गावाकडे कुणाची कीमो सुरू असेल, तर पैसे पाठवताना एवढं विचारा : रुग्णालयाजवळ राहायची सोय झाली का, आणि रात्री ताप आला तर गाडी कुणाची? कीमोतला ताप ही तातडीची बाब असते, गोळी देऊन सकाळची वाट बघायची नसते. तिसरी, रक्तदान. ल्युकेमियाच्या मुलांना रक्त आणि प्लेटलेट वारंवार लागतात, आणि ते कुठल्याही कारखान्यात तयार होत नाही. ते इथेही देता येतं.

१०४८ रुग्णांची नावं आपल्याला कधी कळणार नाहीत. त्यातले जे वाचले ते आज संसारात असतील. जे गेले, त्यांच्याही नोंदी कुणाच्या तरी पोराच्या कामी आल्या.

आजच्या भागात एवढंच. तब्येतीला जपा, आणि या आठवड्यात गावाकडे एक फोन नक्की करा. नमस्कार!